ओरडा खाल्लेले चारशे जण

माझी भाची लहानपणी कुणाचंही भांडण नीट ऐकून घ्यायची आणि मग चूक कुणाची ते सांगायची. घरात तिचं नाव पडलं न्यायाधीशबाई. मोठेपणी तिनं तेच काम धरलं: अनोळखी माणसं ऑनलाइन ग्रुपवर एकमेकांशी कशी वागतात, यावर पीएचडी. मी शिलाई मशीन दुरुस्त करणारा, मला त्यातलं काय डोंबल कळणार?

पण तिनं ग्रुप निवडला तो नेमका आमच्या दुरुस्तीवाल्यांचा. तीन वर्षं खपून निष्कर्ष काढला, की जुने लोक नवख्यांना टाकून बोलतात म्हणून नवखे पळून जातात. आता तेच मेसेज दुसऱ्या जाणकारानं तिचे शेरे न बघता तपासायचे होते. दोघांचं जुळलं की काम पक्कं. तिनं त्यातले दोनशे मेसेज माझ्यापुढे टाकले.

जुळतंय कसलं! 'सुई उलटी लावलीस, डोळे काय गहाण ठेवलेस?' यापुढे तिनं लिहिलं होतं, अपमान. मी लिहिलं, मदत. अहो, सुई उलटी आहे हे सांगितलं ना त्या बिचाऱ्यानं.

"मामा, तू स्वतः असाच बोलतोस, म्हणून तुला ते गोड लागतं."

"बरं. ज्यांना ओरडा बसला, तेच पळाले का? बघितलंस?"

तिनं ते बघितलंच नव्हतं. ओरडा किती ते मोजलं होतं, गळती किती तेही मोजलं होतं. दोन्ही याद्या एकमेकींना लावून बघायच्या राहिल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी माझ्याच दुकानात बसून तिनं त्या लावल्या. ओरडा खाल्लेले चारशे, त्यातले तीनशेवर वर्षानंतरही तिथेच. गेले ते बहुतेक असे, ज्यांच्या प्रश्नाला कुणी उत्तरच दिलं नव्हतं.

दुसरा कुणी असता तर त्यानं गुपचूप झाकून टाकलं असतं. हिनं मार्गदर्शक मॅडमना सरळ कळवलं: माझं चुकलं, पुन्हा लिहिते, मुदत वाढवून द्या. मुदत नाही मिळाली तर तीन वर्षं पाण्यात. मला तिचा अभिमान वाटला, आणि मी तो तोंडावर सांगितला.

आठ दिवस उत्तर नाही. कुणाला न भिणारी माझी पोर खचत चालली. "सोडून देते, मामा," म्हणाली. एरवी मी ओरडलो असतो, तेव्हा मात्र तिच्यापुढे नुसता चहा ठेवला.

नवव्या दिवशी तिनं दुकानात येऊन फोन पुढे धरला. मॅडमनी लिहिलं होतं: 'तीन वर्षं झोपा काढत होतीस का? हे पहिल्या महिन्यात बघायचं असतं. दोन महिने देते. लाग कामाला.'

"चांगलंच झापलंय की गं."

"हो ना," ती म्हणाली, आणि माझे स्क्रू-पाने बाजूला सारून तिथंच लिहायला बसली.