विहीणबाईंना लिहिलेलं पत्र

जवळ ये गं जरा. मी लांबलचक काही लिहिलं की तू पहिल्या चार ओळी वाचतेस आणि अंगठ्याचं चित्र पाठवून मोकळी होतेस, कळतं मला. एवढी शिकलीस, पण आईचं शेवटपर्यंत वाचायचा कंटाळा. आज तसं करू नकोस. तुझ्या सासूबाईंना मी पत्र लिहिलं होतं ना, त्याची गोष्ट सांगायची आहे. तुला ती अर्धीच माहीत आहे.

तुला तिसरा महिना लागला होता. तू तिकडे जर्मनीत, मी इकडे डोंबिवलीत. तुझ्या बाबांनी देवापुढे साखर ठेवली आणि माझ्या डोक्यात एकच, पहिलं बाळंतपण माहेरी. माझ्या वेळी माझे वडील खडवलीहून नारळ घेऊन आले होते. बाहेरच्या खोलीत बसून माझ्या सासूबाईंना म्हणाले, "लेकीला घेऊन जाऊ का?" सासूबाई हो म्हणाल्या. मी आत मेथी निवडत ऐकत होते.

म्हणून मीही विहीणबाईंना रीतसर विचारायचं ठरवलं. त्या तिकडच्याच, त्यांना इंग्रजी येत नाही आणि मला जर्मन. माझं इंग्रजी तरी काय, शाळा सातवीत सुटली, पुढचं सगळं तुला अभ्यासाला बसवता बसवता तुझ्याच पुस्तकांतून उचललेलं. घरात एक मराठी-इंग्रजी कोश होता, रद्दीवाल्याकडून आणलेला, शिवण सुटलेला. आणि तू ठाण्याला जर्मनच्या क्लासला जायचीस तेव्हाचा तुझा इंग्रजी-जर्मन कोश कपाटात राहिला होता. दोन्ही डायनिंग टेबलावर मांडले. मराठीचा इंग्रजी शब्द काढायचा, त्या इंग्रजीचा जर्मन, आणि मग माघारी फिरायचं. जर्मन बाजूनं उघडून बघायचं की हा शब्द मला परत घरी आणून सोडतो का. नाही सोडला तर खोडायचा.

हे मला डिंकाच्या लाडवांनी शिकवलं. डिंकाचा इंग्रजी शब्द 'गम' धरून पुढे गेले तर एका ठिकाणी रबर निघालं आणि दुसऱ्या ठिकाणी हिरड्या. म्हणजे तुमच्या सुनेला मी हिरड्यांचे लाडू खाऊ घालीन, असं कळवणार होते मी त्यांना. शेवटी लिहिलं, झाडाचा वाळलेला चीक, तुपात तळलेला.

तुझे बाबा पेपर वाचता वाचता म्हणाले, "अगं, मोबाईलमध्ये टाक, मिनिटात होईल."

"होईल. पण माझ्या नावानं तो त्यांना काय बोलला ते मला कसं कळणार?"

"मुलगी माहेरी आणायला पुस्तकं घेऊन बसलेली पहिलीच बाई बघतोय."

"मग तुम्ही जाता का नारळ घेऊन तिथवर? जा."

तुझ्या कोशात तू पेन्सिलीनं खुणा केल्या होत्यास. घरमालक, सर्दी, स्वस्त, किल्ली. तिथं गेल्यावर काय काय लागेल याची तू या घरात बसून तयारी करत होतीस आणि मी आत पोळ्या लाटत होते. एम अक्षरापाशी खुणा थांबल्या, तेव्हा व्हिसा आला असेल. खुणेचा शब्द सापडला की मी तोच घ्यायची, माझ्या अर्थाला थोडा कमी पडला तरी. वाटायचं, हा हिच्या तोंडून तिथं रोज निघत असेल. संध्याकाळी एमआयडीसीतल्या कारखान्यांचा वास आला की खिडकी लावायची आणि पुन्हा बसायचं. एका पानाच्या पत्राला तीन आठवडे लागले.

उत्तर महिन्याभरात आलं, हातानं लिहिलेलं, सुबक अक्षर. मी ते कुणाला वाचायला दिलं नाही, पुन्हा कोश काढले. पहिल्या दिवशी 'पत्र' आणि 'आनंद' सापडले, जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी कळलं की त्यांना लाडवांची कृती हवी आहे. तिसऱ्या दिवशी शेवटच्या ओळी. त्यात हो नव्हतं आणि नाही पण नव्हतं. तुमची मुलगी मोठी बाई आहे, असं होतं. तिला पाठवणारी किंवा ठेवून घेणारी मी कोण. तुम्ही तिला विचारलंत का.

ते शेवटचं वाक्य मी दोनदा माघारी तपासलं. दोन्ही वेळा तेच आलं.

या ओळी मी तुला कधी सांगितल्या नाहीत. तेव्हा रागच आला होता, एवढं खपून लिहिलं आणि वर मलाच शिकवतात. पुढच्या रविवारी तुझा फोन आला. "आई, तू त्यांना पत्र लिहिलंस, आणि मला एका शब्दानं बोलली नाहीस?"

मी म्हटलं, "तुझी नोकरी, तुझी रजा. तुझ्या सोयीनं बघ."

तू म्हणालीस, "बरं." बाळंतपण तिथंच झालं.

माझ्या वडिलांनीही मला विचारलं नव्हतं. मला खडवलीला जायचंच होतं, म्हणून ते कधी खुपलं नाही. तुला यायचं होतं का, हे मात्र मला आजही माहीत नाही. खरं सांगू, विचारायची भीती वाटली. तुझ्या सासूबाई नाही म्हणाल्या असत्या तर त्यांना नावं ठेवली असती. तू नाही म्हणाली असतीस तर मी कुठं जाणार होते?

लेक चार वर्षांची झाली तुझी. एकदाच आलात, तुझ्या चुलतभावाच्या लग्नाला, पाच दिवस, ते पण ठाण्याच्या हॉटेलात. एक दुपार ती माझ्याजवळ होती. माझ्या बांगड्या वरखाली करत तिच्या भाषेत बरंच काही सांगत होती, मी नुसती हो हो करत होते. मग गाडी आली तुमची.

तर आता तुलाच विचारते. तू घरी राहायला येशील का? तिला घेऊन, चांगले पंधरावीस दिवस. जावयांना रजा मिळाली तर तेही येऊ देत. जानेवारीत हवा बरी असते, पहाटे शालसुद्धा लागते. जमणार नसेल तर तसं सांग, मी ऐकून घेईन. पण मला तू इथं हवी आहेस गं. लवकर ये.