समरूप म्हणजे एकरूप नव्हे

स्टील प्लांटच्या ड्रॉइंग सेक्शनमधून रिटायर झालो आणि रिसालीच्या घरी दुपारी, बाहेरून परीक्षा देणाऱ्या तीन बायांना दहावीचं गणित शिकवू लागलो. वाटलं होतं, घरात वह्या साठतील. साठले किस्से! त्यातले निम्मे एकाच धड्याचे.

आकार तोच, माप वेगळं असलं तरी चालतं, ते समरूप. आकार तोच आणि मापही तेच, ते एकरूप. इथली परीक्षा हिंदीतून, आणि बायांच्या हिंदी पुस्तकात एकरूपला सर्वांगसम म्हणतात. छायाबाईंनी तो शब्द दोनदा वाचला.

"काकाजी, हे तं बिमारीचं नाव वाटते!"

*

मी सांगितलं, "कुठलीही दोन वर्तुळं समरूपच असतात."

उतईहून येणाऱ्या मंदाबाई उसळल्याच. "मंग माह्या लाटलेल्या पोया समरूपच हायेत! सासूले एकरूप पायजे, मी काय करू?"

*

रेखाबाई शिवणकाम करतात. त्यांना विचारलं, "आईच्या ब्लाउजचं प्रत्येक माप अर्धं केलं, तर पोरीला बसेल?"

"ब्लाउज समरूप होईन, काकाजी. पोरगी नसते ना आईले समरूप!"

जन्मभर स्केल लावून ड्रॉइंग काढली, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

*

एक किस्सा माझाच. तरुणपणी ड्यूटीवरून थकून आलो, क्वार्टरमध्ये शिरलो, बूट काढले आणि चहा मागितला. चहा आला. मग पडद्याआडून आवाज आला, "भाऊजी, तुमी कोन?" सगळी क्वार्टरं सारखी, मी एक गल्ली चुकलो होतो!

"हे सर्वांगसम!" छायाबाई ओरडल्या. "आता नाई भुलत!"

त्या दिवशी त्या पहिल्यांदा मोकळ्या हसल्या. गणितात दोनदा नापास झालेल्या. "यंदा नाई जमलं तं पुस्तकं रद्दीत," असं ठरवूनच आल्या होत्या. मला त्यांची फार काळजी वाटायची.

*

गणिताच्या पेपरला हजेरीची सही करताना छायाबाईंनाच अडवलं. फोटो जुळला, सही जुळेना. फॉर्मवरची मुंगीएवढी, भीत भीत केलेली. आताची चांगली ऐसपैस.

"साइन मैच नहीं हो रहा," क्लार्क म्हणाला. पेपर देईना.

छायाबाई घाबरल्या, पण हटल्या नाहीत. "दस्तखत वही है साहब, बस बड़ा हो गया. समरूप है!"

केंद्रप्रमुख मॅडम नेमक्या गणिताच्या निघाल्या. त्यांनी दोन्ही सह्या शेजारी धरल्या आणि विचारलं, "और सर्वांगसम?"

"वो तो फोटोकॉपी में होगा, मैडम!"

मॅडमनी पेपर स्वतः त्यांच्या हातात दिला.