चिंचेची सावली

चित्रकला शिकलेली माझी मुलगी म्हणाली, "पप्पा, या वेळी कागद नको. शेतावरच चित्र काढायचं आहे."

लोह्याजवळच्या आमच्या शेतात, रस्त्याच्या कडेला, एक जुनी चिंच होती. तिची सावली मुलीला जमिनीवर चुन्याच्या फक्कीने रेखायची होती. सकाळची, दुपारची आणि उतरत्या उन्हाची. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, सगळे घर त्या झाडाखाली जेवायला जमते. त्या दिवशी ती वरून फोटो घेणार होती.

"आपण जमीन किती एकर ते सांगतो," ती म्हणाली. "तिच्यावरून दिवस कसा जातो, ते कुणी बघत नाही."

मोजमापाचे काम अर्थातच माझ्याकडे आले. सोयाबीन निघाल्यावर झाडाभोवतीचा तुकडा मोकळाच होता. सावलीच्या कडेने आम्ही खुंट्या ठोकल्या, सुतळी ताणली, आणि तिने फक्की टाकली. खुंट्या कुणाच्या पायात येऊ नयेत म्हणून मी त्यांना लाल चिंध्या बांधल्या. टेप दर वेळी एकाच जागेवरून धरता यावी म्हणून खोडावर पांढरा पट्टा मारून त्यात '१' लिहिले. काळ्या रानावरची ती पांढरी सावली मी रेघेरेघेने चालून पाहिली. ही जमीन मला सातबाऱ्यावरूनच पाठ होती.

शेत कसतो माझा थोरला भाऊ. तो तेव्हा माहूरला देवीच्या दर्शनाला गेला होता. येळवशीला त्याला एकदम दाखवू, असे ठरवून आम्ही नांदेडला परतलो.

दोन दिवसांनी सकाळीच शेजारच्या शेतकऱ्याचा फोन आला. "भाऊ, तुमची चिंच पाडून राहिले की. म्हाईत हाय ना तुमाला?"

भावाचा फोन लागेना. मुलीला घेऊन मी गाडी काढली. वाटेत ती पुन्हा पुन्हा फोन लावत होती.

"पप्पा, झाड पाडायला मशीनने किती वेळ लागतो?"

खोडाचा घेर मीच मोजला होता. मनात हिशेब झाला होता. तिला सांगितला नाही.

पोचलो तेव्हा झाड आडवे झाले होते. भाऊ फांद्या ओढत होता.

"बरं झालं आलास, बारक्या. धर त्या अंगानं."

"दादा, हे काय केलंस?"

"काय केलं म्हंजे? रस्ता रुंद व्हणार म्हणून गावात बोलणं हायच. माहूरवरून येऊन बघतो तर मोजणी झालेली, फक्की पडलेली, झाडावर नंबर. मागच्या खेपंला रस्त्यात आपला आंबा गेला, ढलपीबी हाती लागली न्हाई. आवंदा म्हटलं, आधीच पाडू. हिच्या लग्नात सरपण तरी हुईल."

"नंबर मी टाकला, दादा."

तो हसला. "तू? तू कवापासून सरकार झाला रं?"

मग त्याने मुलीच्या तोंडाकडे पाहिले.

"चित्र होतं ते, मोठे बाबा."

"कशाचं?"

"ह्या झाडाच्या सावलीचं."

तो आडव्या खोडावर बसला. मशीनवाल्याने विचारले, तुकडे करू का? भावाने हातानेच त्याला थांबवले.

"मला इचारायचं तरी, बारक्या," तो म्हणाला. "माझ्याच हातानं..."

येळवशीला आम्ही गेलो. पूजेसाठी कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, उभारली, पूजा झाली. मुलीने कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही. वहिनीने सवयीने सकाळच्या रेघेच्या आत सतरंजी अंथरली आणि आम्ही सगळे त्या फक्कीच्या सावलीत पालेभाज्यांची भज्जी आणि आंबील घेऊन बसलो. कुणी कुणाकडे बघत नव्हते. ऊन चढले तसा भाऊ ताट हातात घेऊन उठला आणि दुपारच्या रेघेत जाऊन बसला.

तिथेही ऊनच होते.