नवसूने परत न दिलेला मास्क

रासायनिक अपघात टाळण्याचे देशभरासाठी नियम ठरवणारी समिती १९७१ साली वलवणजवळच्या आमच्या कारखान्यात आली. सिलिंडरमध्ये क्लोरिन भरणाऱ्या कामगारांना तेवढ्यापुरते कपाटातले मास्क दिले होते. समिती जाताच भांडाराचा कारकून म्हणून मी ते परत घेऊ लागलो. डोंगरवाडीच्या नवसूने दिला नाही.

“दे रे, साहेब चिडतील.”

“चिडू द्या, भाऊसाहेब. ग्यास काय पाव्हणं बघून सुटतो व्हय?”

“नोकरी जाईल.”

“जाऊ द्या. छाती गेली तर दुसरी कुटं भेटंल?”

मॅनेजरांनी त्याला बाहेर काढले. दुसऱ्या दिवशी तो मास्क लावून फाटकात बसला. आत कुणीही सिलिंडरला हात लावेना. दुपारी मॅनेजर स्वतः फाटकाशी आले.

“चल आत. मास्क ठेव तुझ्याकडे.”

नवसू बसूनच राहिला. “आन् बाकीच्यांचे?”