दादाची शेवटची शपथ

माझ्या थोरल्या भावाच्या पिण्याबद्दल आमच्या घरात कुणी मोठ्याने बोलत नसे. गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे लाजेच्या जोडीला पोलिसांची भीती. नव्वदीच्या दशकात आमच्या शहराबाहेर वाघोडियाकडे नवे कारखाने उभे राहत होते. दादा तिथल्याच एकात सुपरवायझर होता. चोरटी दारू कुठे मिळते हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं.

बाबांचा उपाय एकच. आमचे पूर्वज इथल्या मराठी संस्थानच्या फौजेतले, दिलेला शब्द पाळायचा ही घरची शिकवण. दादा पिऊन आला की दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करायला लावून त्याला देवासमोर बसवायचे आणि कुलदैवताची शपथ घ्यायला लावायचे. दादा ती मनापासून घ्यायचा. थोडे दिवस बरे जायचे, मग शपथ मोडायची. मोडली की तो घरीच फिरकत नसे. शहराच्या दुसऱ्या टोकाला गोत्रीला मित्राच्या खोलीवर पडून राहायचा आणि शरमेपोटी आणखी प्यायचा.

एका दिवाळीच्या तोंडावर बाबांनी त्याला आईच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला सांगितलं. तोवर दादा रोज पिऊ लागला होता, आणि त्या वेळी त्याने खरंच सगळं एकदम बंद केलं. दोन दिवस त्याचे हात थरथरत होते, अंग घामाने भिजत होतं. आम्ही स्वयंपाकघरात चकल्या तळत असताना तो बाहेरच्या खोलीत धाडकन पडला. फिट आली होती. आई म्हणाली, देवाचा कोप झाला. वहिनी रिक्षा आणायला धावली.

हॉस्पिटलमधल्या डॉक्टरबाईंनी सांगितलं की रोज पिणाऱ्याने अचानक सोडली तर असं होतं, कधी जिवावरही बेततं. औषधं देऊन, लक्ष ठेवून सोडवावी लागते. बाबांनी विचारलं, मग मनोनिग्रहाचं काय? बाई म्हणाल्या, तो नसता तर हा दोन दिवस थरथरत बसलाच नसता.

दादा घरी आला त्या सकाळी बाबा देवासमोर पाट मांडायला निघाले. वहिनी त्यांना कधी उलटून बोलली नव्हती.

"बाबा, आता शपथ नको," ती हळू आवाजात म्हणाली. "मोडली की हे घरी यायला घाबरतात. मला हे घरी यायला हवेत."

बाबांनी हातातला पाट भिंतीला टेकवून ठेवला.

पुढच्या उन्हाळ्यात दादाचा पुन्हा तोल गेला. पण त्या संध्याकाळी तो घरी आला, चपला न काढता दारातच थांबला आणि म्हणाला, "आज घेतली." वहिनीने पाणी दिलं. बाबांनी विचारलं, "जेवलास का?" दुसऱ्या दिवशी दादाच्या स्कूटरवर मागे बसून ते त्याच्याबरोबर डॉक्टरबाईंकडे गेले. दारू सोडू पाहणाऱ्यांची एक बैठक निजामपुऱ्यात भरायची. दादा तिथे जाऊ लागला तसे बाबाही सोबत जाऊन बाहेरच्या बाकावर बसू लागले.

त्यानंतरही तो एकदा घसरला, पुन्हा सावरला. आता बरीच वर्षं झाली. कुणी विचारलं तर दादा एवढंच सांगतो, "सध्या घेत नाही." तो "सध्या" बाबांना सुरुवातीला फार खटकायचा. मग एकदा एका लग्नात कुणा नातेवाइकाने दादाची चौकशी केली, तेव्हा मी शेजारीच होते. बाबा शांतपणे म्हणाले, "सध्या घेत नाही. छान चाललंय त्याचं."