खालमान्याची माळ

मण्यांचे पडदे ओवण्यात खालमान्याची उभी हयात गेली, पण दारात लटकलेला एकही पडदा त्यानं धड बघितलेला नाही. मान वर केली तर बघणार ना! बाकावर बसला की हनुवटी छातीला टेकायची, ती जेवणाची घंटा होईस्तोवर तशीच. एकदा शेजारच्या खोलीत आग लागली. सगळे बोंबलत बाहेर पळाले, ह्याला मात्र दोघांनी पोत्यासारखा उचलून आणला, तर हा आतल्या बाजूला हात करून ओरडतोय, "अरे, ओळ अर्धी राहिली माझी!"

त्याची बायको, म्हणजे सगळ्या आळीची मामी, सांगायची, "लग्नात ह्यांनी माझे पाय तेवढे बघितले. पुढच्याच आठवड्यात बाजारात दुसरीच्याच मागं चालायला लागले. का, तर चपला सारख्या होत्या!"

कारखान्याची रीतही त्याच्या मानेला सोयीची होती. नक्षीचा मूळ कागद मालकाच्या कपाटात कुलूपबंद. तो कधी खाली यायचा नाही. खाली यायची त्याची नक्कल, एक लांबलचक पट्टी, तिच्यावर चार रंगांचे ठिपके. तीन ठिपक्यांचा एक मणी. मण्यांच्या वाट्यांवरही तसेच तीन-तीन ठिपके काढलेले. पट्टीवरचे तीन आणि वाटीवरचे तीन जुळले की त्या वाटीतला मणी दोऱ्यात. ज्या तिघांची वाटीच मांडलेली नाही, तिथं ओळ संपली, गाठ मारायची. आणि एक गोष्ट लक्षात ठेवायची: पट्टीवरचा पहिला ठिपका मालकाचा. नक्कल तपासली, याची ती खूण. तो मोजायचा नाही. हे खालमान्याच्या हाडीमाशी इतकं भिनलेलं, की पट्टी हातात आली की अंगठा आपोआप पहिल्या ठिपक्यावर बसायचा.

त्याची भाची जीवशास्त्र शिकत होती. तोंडी परीक्षेत एकदा आपटली होती. सरांनी विचारलं, रायबोसोम काय करतो? तिनं पानच्या पान म्हणून दाखवलं. सर म्हणाले, आता याचा अर्थ सांग. पोरीची दातखीळ बसली. घरी आईनं बजावलं, "यंदा पुन्हा नापास झालीस तर पुस्तकं बंद. सोमवारपासनं मामाच्या बाकावर बसायचं."

पोरीनं धसका घेतला, पण मामाचा धसका तिच्याहून मोठा. भाची म्हणजे बोलण्याचा चरक. ती शेजारी बसली म्हणजे कामाचा बोऱ्या वाजलाच.

म्हणून ती मदत मागायला आली तेव्हा तो एका पायावर तयार झाला.

"मामा, पेशीत तुझ्यासारखाच एक गडी असतो बघ."

"कुणाच्या पेशीत?"

"तुझ्या, माझ्या, झाडाच्या, उंदराच्या. एकेका पेशीत हजारांनी, लाखांनी. मूळ नक्षी मधल्या गाभ्यात जपलेली. बाहेर येते ती नक्कल. तीन-तीन अक्षरं वाचत हा गडी, म्हणजे रायबोसोम, तिच्यावरून मणी जोडत जातो. ती माळ आपसूक घडी घेते, तेच प्रथिन. केस, नखं, दंडातलं बळ, सगळं त्यातनंच."

"मणी कोण आणून देतं?"

"ते आणणारे वेगळे. प्रत्येकाच्या अंगावर तीन अक्षरं. जुळली तरच त्याचा मणी घ्यायचा."

मामी भाजी निवडत होती. तिनं विचारलं, "मग अंडं खाल्लं की थेट दंडात जात नाही?"

"नाही मामी. पोटात त्याचे मणी सुटे होतात. मग आपल्या नक्षीनं ते नव्यानं जोडायचे."

"तरीच!" मामी नवऱ्याकडं बघत म्हणाली. "ह्यांनी टोपल्याच्या टोपल्या रिचवल्या, पण दंड बघा. पडवळ बरं."

भाचीनं ठिपके काढलेली पट्टी दिली, वाट्या मांडल्या, परीक्षेत सरांना दाखवायला हातभर माळ हवी म्हणून सांगितलं आणि मैत्रिणीकडं अभ्यासाला पळाली. खालमान्या बसला. अंगठा पहिल्या ठिपक्यावर गेला. मालकाचा ठिपका बाजूला सारून त्यानं दुसऱ्यापासून तिघं धरले.

"लाल, पिवळा, पिवळा," तो म्हणाला. मामीनं वाटी सरकवली. दुसरी सरकवली. तिसरी सरकवली. चौथ्याला ती अडली.

"अहो, ह्याची वाटीच नाही."

"मग गाठ."

"तीन मण्यांवर? पोरगी हातभर म्हणाली होती!"

"पट्टीपेक्षा तुला जास्त कळतं?"

"पट्टी उरलीय की अजून एवढी!"

"वाटी आहे का? नाही ना? मग झालं." त्यानं गाठ मारली, दोरा तोडला, माळ डबीत घातली आणि डबीला असा करकचून दोरा आवळला की वाटेत कुणाला ती उघडताच येऊ नये.

परीक्षेला तो स्वतः डबी घेऊन गेला. आपलं काम दुसऱ्याच्या पिशवीतनं पाठवायची त्याला सवय नव्हती. सरांनी कात्रीनं दोरा कापला. आत तीन मणी.

"हे प्रथिन," सर म्हणाले, "की कानातला डूल?"

भाचीचा चेहरा पांढराफटक. "मामा!"

"पट्टीबरहुकूम आहे," खालमान्या फरशीला म्हणाला.

तिनं पट्टी टेबलावर पसरली, बोट ठेवून मोजायला लागली. "पहिला ठिपका कुठं गेला?"

"मालकाचा ना तो. तो कोण ओवतं?"

ती भर परीक्षेत खो-खो हसत सुटली. "सर, एकच सुटला! म्हणून सगळे तिघं एकेक घर सरकले. मणी भलतेच आले आणि थांबायची खूण मधेच तयार झाली!"

सरांनी चष्मा सावरला. "पेशीतला रायबोसोम सोडेल पहिलं अक्षर?"

"नाही सर. तो आरंभाची तीन अक्षरं हेरूनच सुरू करतो. पण मूळ नक्षीतलंच एखादं अक्षर गळलं, तर त्याची गत मामासारखीच. मान वर करून विचारणार नाही. आलं तसं ओवणार."

"मग त्या अर्धवट माळेचं काय?"

"बिघडलेली माळ मोडणारे असतात पेशीत. मणी सुटे करून पुन्हा कामाला लावतात."

पुस्तकातलं एकही वाक्य त्यात नव्हतं. सर म्हणाले, "पास. जा."

खालमान्या मात्र हलेना. "सर, पास केलंत, बरं झालं. पण पोरगी चार लोकांत हसली. ओवण्यात चूक काय, ती दाखवा."

सरांनी माळ उचलली, दोन्ही टोकांना धरून ओढली, पुन्हा जोर लावून ओढली. "ओवण्यात काही चूक नाही बुवा."

"ऐकलंस?" तो भाचीला म्हणाला आणि निघाला.

बहीण फाटकातच उभी होती. "काय झालं रे दादा?"

"वाचलो."

"तू? अरे, पोरगी पास झाली का?"

"तीही वाचली," खालमान्या म्हणाला आणि चपला बघत कारखान्याच्या वाटेला लागला.