काजू उतला असं आम्ही धरून चाललो

वहिनींच्या मनगटावर पहिले लाल चट्टे दिसले, तेव्हा त्यांच्या गोळ्या सुरू होऊन अकरा-बारा दिवस झाले होते. गोळ्या दोन होत्या. एक एचआयव्हीची, रात्री जेवल्यावर घ्यायची. दुसरी पांढरी, मोठी, सकाळची. प्रतिकारशक्ती कमी असेपर्यंत इतर आजार होऊ नयेत म्हणून. दोन्ही एकाच आठवड्यात सुरू झाल्या होत्या. पुढे सगळ्या गोंधळाचं मूळ तेच ठरलं.

घरात हे तिघांनाच माहीत होतं. मुंबईत नोकरीला असलेला माझा मोठा भाऊ, ज्याची तपासणी आधी झाली, वहिनी, आणि मी. मी रत्नागिरीत वर्तमानपत्रात काम करतो. आमचं गाव आत आहे, एसटीने तासाभरावर. तिथे आई आणि वहिनी दोघीच राहतात. आईला सांगितलं होतं की या रक्त वाढायच्या गोळ्या आहेत. तिने ते इतकं मनावर घेतलं की दोन्ही वेळा ती स्वतः गोळी काढून सुनेच्या हातावर ठेवायची.

औषधं सुरू झाली त्या दिवशी मी वहिनींबरोबर होतो. रत्नागिरीच्या रुग्णालयातल्या एचआयव्ही केंद्रात समुपदेशक बाई सांगत होत्या ते मी सवयीने वहीत टिपून घेतलं. ‘एकही गोळी चुकवायची नाही’ या वाक्याखाली मी दोनदा रेघ मारली. त्याच्या खाली माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे : अंगावर चट्टे, तोंडात फोड, ताप – लगेच येणे. त्याखाली रेघ नाही.

दिवस काजूचे होते. वहिनी गावातल्या कारखान्यात बी फोडायला जातात. टरफलातलं तेल लागलं की कातडी जळते, काळी पडते आणि सोलून निघते. आमच्याकडे त्याला काजू उतणं म्हणतात. दर मोसमात कुणाला तरी उततो, आणि त्यासाठी दवाखान्यात कुणी जात नाही. कोकमाचं तेल कढवून लावतात.

आईने तेच केलं. दुसऱ्या दिवशी वहिनींचे ओठ सुजले आणि तोंडात फोड आले, तर त्याचंही कारण तिच्याकडे तयार होतं.

“ओले काजूगर दातांनी सोललेस ना?” फोनवर मला तिचा आवाज मागून ऐकू येत होता. “सांगितलेला ऐकायचा नाय. आता भोग.”

“नाही हो आई, सुरीनेच सोलले,” वहिनी म्हणाल्या. मग आवाज खाली आणून मला विचारलं, “भावोजी, अंगात कणकण आहे. गोळी घेऊ का आज?”

मी वही उघडली नाही. रेघ मारलेलं वाक्य पाठ होतं. म्हटलं, “घ्या. चुकवू नका.”

असं तीन दिवस चाललं. त्या रोज विचारत होत्या आणि मी रोज तेच उत्तर देत होतो. चौथ्या दिवशी त्यांनी गोळीचं विचारलं नाही. शब्द नीट उमटत नव्हते.

“भावोजी, हातावर काजू, तोंडात काजू, मान्य. पण पाठीला आग होतेय. पाठीवर काजू कुठून येणार?”

मी गाडी करून गावी गेलो. त्यांचे डोळे चिकटले होते. मानेवर फोड होते. आईने आमसुलाचं पाणी पाजायचा प्रयत्न केला होता. ते तोंडात जाताच वहिनी कळवळल्या होत्या, आणि आई भांडं हातात धरून तशीच बसली होती.

रुग्णालयात डॉक्टरबाईंनी तोंड, डोळे, पाठ पाहिली आणि मला बाहेर बोलावलं.

“गोळ्या कधी थांबवल्या?”

“थांबवल्या नाहीत. आज सकाळीही घेतली.”

“दोन्ही आजपासून बंद.”

“पण एकही चुकवायची नाही ना?”

“आता दोन्ही चुकवायच्या.”

कोणत्या गोळीने झालं, हे मी त्या दिवशी तीनदा विचारलं. बहुधा पांढरी, त्या म्हणाल्या. बहुधा म्हणजे किती, तर ते सांगता येत नाही. एचआयव्हीची कायमची बंद करता येणार नव्हती, कारण ती नसेल तर मूळ आजार वाढणार. कातडी भरून आल्यावर ती एकटीच पुन्हा देऊन पाहायची. जिच्यावर थोडा का होईना संशय आहे तीच परत द्यायची, हे मला कळत होतं आणि कळत नव्हतं.

वहिनी तीन आठवडे वॉर्डात होत्या. पाठीची साल निघाली. ओठांवर रक्ताची काळी खपली धरली, त्यामुळे पेज चमच्याने, तीही गार करून भरवावी लागे. आई शेजारच्या खाटांवरच्या बायकांना सांगत होती, काजू उतलाय, हलक्यात घेऊ नका. मी ऐकत होतो. नर्सही ऐकत होत्या.

घरी सोडताना डॉक्टरबाई म्हणाल्या, “गोळी आज इथेच माझ्यासमोर घ्या. नंतर निदान दोन आठवडे रोज सकाळी कुणीतरी यांची पाठ पाहायची. त्यांना स्वतःला दिसणार नाही. तुम्ही पाहाल?”

“ते दीर आहेत माझे,” वहिनी म्हणाल्या.

मग उरलं एकच माणूस. आईला सांगायचं मी कबूल केलं होतं, पण व्हरांड्यातल्या बाकावर बसल्यावर वहिनींनीच सांगितलं. नवे ओठ ताणले जाऊ नयेत म्हणून त्या हळू बोलत होत्या. आजाराचं नाव आईला टीव्हीवरून माहीत होतं. तिने पहिला प्रश्न त्याबद्दल विचारला नाही.

“म्हणजे काजू नाय?”

“नाही आई.”

“आणि गोळी मीच देत होते. हातावर.”

“तुम्हाला कुठे माहीत होतं?”

आईने माझ्याकडे पाहिलं. मला माहीत होतं, हे तिला तेव्हाच कळलं असावं. मग तिने वहिनींना विचारलं, “आता हीच परत घ्यायचीस?”

“एकच, रात्रीची. पांढरी नाही.”

“मग पाठीवर काय बघायचं, ते नीट सांग.”

रोज सकाळी तिचा फोन येऊ लागला. “काय नाय,” एवढंच सांगून ठेवायची. सहाव्या दिवशी फोन आला नाही. मी ऑफिसला निघालो होतो, तर दोघी रुग्णालयाच्या दारात रिक्षातून उतरताना दिसल्या. मिळाली ती पहिली एसटी धरून आल्या होत्या. खांद्याखाली एक लाल ठिपका होता. वहिनींच्या मते डास. आईच्या मते सांगता येत नाही.

डॉक्टरबाईंनी पाहिलं, बोटाने दाबलं, तोंड उघडायला लावलं. “डास चावलाय.”

वहिनी आईकडे बघून म्हणाल्या, “सांगत होते ना.”

“सांगत होतीस,” आई म्हणाली. “मागच्या वेळी मीपण सांगत होते.”